माणसं आली, घरं उभी राहिली, मग ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगचं नेमकं अडतंय कुठं?

१६ ऑक्टोबर २०२२. टी-ट्वेंटी वर्ल्डकपची पहिलीच मॅच. नामिबियाने श्रीलंकेला ५५ रन्सनी हरवलं आणि सगळे बघतच राहिले. ती मॅच ज्या शहरात झाली त्याचं नाव जिलाँग. त्या दिवशी स्क्रीनवर हे नाव वाचलं असेल आणि नंतर विसरूनही गेला असाल.

पण ऑस्ट्रेलियात सध्या जो वाद पेटलाय, घरं का मिळत नाहीत, भाडी का वाढली, रेल्वेत उभं राहायला जागा का नाही आणि या सगळ्याला बाहेरून आलेली माणसं जबाबदार आहेत का, तो वाद समजून घ्यायचा तर जिलाँगइतकं चांगलं उदाहरण नाही. आणि या वादात भारतीयांचं नाव थेट घेतलं जातंय, त्यामुळे आपलाही त्याच्याशी संबंध आहे.

आधी जिलाँग म्हणजे काय ते बघू.

कारखाने गेले, माणसं मात्र वाढली

व्हिक्टोरिया राज्याची राजधानी मेलबर्न. तिथून नैर्ऋत्येला साधारण ७५ किलोमीटरवर, समुद्राच्या खाडीकाठी जिलाँग आहे. राज्यातलं दुसऱ्या नंबरचं शहर. एकेकाळी लोकर, नंतर कारखाने. फोर्ड कंपनी इथं १९२५ पासून होती. पण २०१४ मध्ये अल्कोआचा ॲल्युमिनियम कारखाना बंद झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डनेही ऑस्ट्रेलियातलं उत्पादन थांबवलं.

अशा वेळी शहर रिकामं होतं. इथं उलट झालं.

सरकारने काही मोठी कार्यालयं मुद्दाम जिलाँगला हलवली. रस्ते अपघातात भरपाई देणारी राज्याची संस्था २००९ मध्ये आली, कामगारांच्या सुरक्षेची संस्था २०१८ मध्ये. अपंगांसाठीच्या राष्ट्रीय विमा योजनेचं मुख्यालयही इथंच. डीकिन युनिव्हर्सिटी तर १९७० च्या दशकापासून जिलाँगचीच. आणि मेलबर्नपेक्षा घरं स्वस्त, समुद्र जवळ, रेल्वेने तासाभरात मेलबर्न.

परिणाम आकड्यांत बघा. २०१६ च्या जनगणनेत ग्रेटर जिलाँगची लोकसंख्या होती २ लाख ३३ हजार. २०२१ मध्ये ती झाली २ लाख ७१ हजार. पाच वर्षांत १६ टक्के वाढ.

आता तुम्ही म्हणाल, ३८ हजार माणसं म्हणजे काय मोठं? आपल्याकडं एवढे लोक एका टाऊनशिपमध्ये राहतात. बरोबर. पण ऑस्ट्रेलियातली नवी वस्ती म्हणजे टॉवर नाही. एकमजली घर, पुढं मागं थोडी मोकळी जागा, दारात दोन गाड्या. सरासरी एका घरात अडीच माणसं धरली तरी ३८ हजार लोकांना १५ हजार घरं लागतात. ती आडवी पसरतात, आणि जेवढं पसरतं तेवढा रस्ता, तेवढी पाइपलाइन, तेवढी गटारं.

आर्मस्ट्राँग क्रीक: शेताचं उपनगर कसं झालं?

जिलाँगच्या दक्षिणेला, टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आर्मस्ट्राँग क्रीक नावाचा भाग आहे. काही वर्षांपूर्वी इथं शेतं आणि कुरणं होती. साधारण २०१० पासून घरं उभी राहायला लागली. पूर्ण झाल्यावर इथं सुमारे २२ हजार घरं आणि ५५ ते ६५ हजार लोक असतील असा आराखडा आहे.

हा आराखडा वाईट नाही, उलट बऱ्याच बाबतीत नमुनेदार आहे. एक उदाहरण घ्या. इथल्या घरांना पाण्याच्या दोन वेगळ्या लाइन आहेत. एक पिण्याच्या पाण्याची आणि दुसरी, जांभळ्या रंगाची, शुद्ध केलेल्या सांडपाण्याची. फ्लश आणि बाग या दुसऱ्या पाण्यावर. हे काम घरं बांधण्याआधीच जमिनीत घातलं म्हणून जमलं. वस्ती झाल्यावर रस्ते उकरून हेच करायला गेलं असतं तर खर्च कितीतरी वाढला असता.

म्हणजे जी सोय आधी केली ती चालली. जी नंतर करू म्हणून सोडली, तिथं घोडं अडलं.

ओबेरॉन हायस्कूल शहराच्या जुन्या भागातून हलवून इथं आणलं ते २०२१ मध्ये. म्हणजे पहिली घरं उभी राहिल्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. आराखड्यात जलद सार्वजनिक वाहतुकीसाठी जमिनीचा एक पट्टा राखून ठेवलाय, पण त्यावर रूळ नाहीत. जवळचं स्टेशन मार्शल, ते वस्तीच्या कडेला. त्यामुळे घरात दुसरी गाडी ही चैन राहत नाही, गरज होते. घर स्वस्त मिळालं म्हणून आलेल्या कुटुंबाचा हप्ता कमी होतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

पोहण्याच्या तलावाची गोष्ट तर वेगळीच. २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा व्हिक्टोरियातल्या छोट्या शहरांमध्ये होणार होत्या आणि आर्मस्ट्राँग क्रीकला त्यासाठी जलतरण केंद्र मिळणार होतं. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने खर्च आवाक्याबाहेर गेला म्हणत स्पर्धाच रद्द केल्या. केंद्र तरीही बांधू असं आश्वासन दिलं. पण ६० हजारांच्या वस्तीला तलाव हवा, हे ठरायला आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं निमित्त का लागावं, हा प्रश्न राहतोच.

रेल्वे जिलाँगची, गर्दी टार्नीटची

या कहाणीतला सगळ्यात बोलका भाग रेल्वेचा आहे.

२०१५ पर्यंत जिलाँगच्या गाड्या मेलबर्नच्या लोकलच्याच रुळांवरून जायच्या. जून २०१५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र मार्ग सुरू झाला. मार्ग नवा असल्याने त्यावर दोन नवी स्टेशनं आली: टार्नीट आणि विंडहॅम व्हेल. हे दोन्ही मेलबर्नच्या पश्चिमेचे भाग. तिथं घरं झपाट्याने वाढली, भारतीय वस्तीही मोठी झाली. पण तिथपर्यंत मेलबर्नची इलेक्ट्रिक लोकल गेलीच नाही. मग तिथल्या लोकांनी जी गाडी दारात येते ती पकडली. ती होती लांब पल्ल्याची डिझेल गाडी.

थोडक्यात, उपनगराची गर्दी आणि दुसऱ्या शहराची गर्दी एकाच गाडीत. त्यात मार्च २०२३ च्या अखेरीस राज्यभर तिकिटाची दिवसाची कमाल मर्यादा ९.२० डॉलर झाली. लोकांना फायदा झाला, गाड्या आणखी भरल्या.

यावर उपाय म्हणून जिलाँगला फास्ट रेल्वे द्यायचं ठरलं होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने २ अब्ज डॉलर जाहीर केले. पुढं सरकार बदललं, पायाभूत प्रकल्पांची फेरतपासणी झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हा निधी काढून घेतला गेला. काहीच झालं नाही असंही नाही. साऊथ जिलाँग ते वॉर्न पाँड्स हा एकेरी मार्ग २०२४ मध्ये दुहेरी झाला, गाड्याही वाढल्या. पण टार्नीटची गर्दी वेगळ्या रुळांवर नेल्याशिवाय जिलाँगचा प्रवासी मोकळा होत नाही.

निर्णय एकाचा, बिल दुसऱ्याला

मग हे आधी का करत नाहीत? कारण ऑस्ट्रेलियात हे काम तीन सरकारांमध्ये वाटलेलं आहे.

देशात बाहेरून किती लोक येणार, किती व्हिसा द्यायचे, हे केंद्र ठरवतं. इन्कम टॅक्स आणि जीएसटीही केंद्र गोळा करतं. देशातल्या एकूण कराचा मोठा वाटा तिथंच जातो.

ही माणसं राहणार कुठं, कोणत्या शेतजमिनीवर घरं होणार, याची अंतिम मंजुरी राज्याची. शाळा, हॉस्पिटल, रेल्वेही राज्याकडं.

आणि वस्तीतला रस्ता, गटार, बाग, बालवाडी, वाचनालय हे स्थानिक कौन्सिलकडं, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेकडं. देशातल्या एकूण करापैकी स्थानिक संस्थांच्या हाती येतो जेमतेम ३ टक्के. त्यातही व्हिक्टोरियात २०१६ पासून घरपट्टीच्या वाढीवर मर्यादा आहे. २०२४-२५ साठी ती २.७५ टक्के होती. बांधकामाचा खर्च त्याहून वेगाने वाढला तर खड्डा कौन्सिलच्या तिजोरीत.

बिल्डरकडून पैसे घेत नाहीत का? घेतात. जमिनीच्या क्षेत्रफळानुसार विकास वर्गणी ठरलेली असते. पण ती जसजसे प्लॉट पडत जातात तसतशी मिळते. म्हणजे रस्त्याचे पूर्ण पैसे जमेपर्यंत त्या रस्त्यावर अर्धी वस्ती राहायला आलेली असते. मेलबर्नच्या कडेच्या भागांसाठी २०१० मध्ये राज्याने मोठ्या पायाभूत कामांसाठी वेगळी वर्गणी सुरू केली. तेव्हा जिलाँग त्यात नव्हतं.

पण घरं तरी पुरेशी होतायत का?

केंद्र सरकारने जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरांचं लक्ष्य ठेवलंय. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. सरकारच्याच राष्ट्रीय गृहनिर्माण परिषदेने २०२५ च्या अहवालात अंदाज दिला की या काळात ९ लाख ३८ हजार घरं होतील. अडीच लाखांहून जास्त घरांची तूट.

कारण फक्त परवानग्यांचं नाही. मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.१ वरून ४.३५ टक्क्यांवर नेला. कर्ज महागलं, लाकूड आणि मजुरी महागली. बिल्डरने मात्र आधीच ठरलेल्या किमतीला घर बांधून द्यायचा करार केलेला. मार्च २०२३ मध्ये पोर्टर डेव्हिस ही मोठी कंपनी याच पेचात बुडाली आणि व्हिक्टोरिया व क्वीन्सलँडमधली सुमारे १,७०० घरं अर्धवट राहिली.

मग भारतीयांमुळे घरं मिळत नाहीत का?

३१ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियातल्या अनेक शहरांत स्थलांतराविरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचा वेगळा उल्लेख होता. २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर भारताचा नंबर दुसरा, ६ लाख ७३ हजार. त्यामुळे बोट दाखवणं सोपं जातं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. २०२२-२३ मध्ये देशात आलेले वजा गेलेले असा हिशेब केला तर ५ लाखांहून जास्त लोक वाढले. एवढी माणसं एकाच वर्षात आली की भाड्याच्या घरांवर ताण येणारच. तो आला.

पण आता कोविडची दोन वर्षं आठवा. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. २०२०-२१ मध्ये देशातून जाणारे जास्त आणि येणारे कमी होते. तरीही २०२१ या एका वर्षात देशात घरांच्या किमती २० टक्क्यांहून जास्त वाढल्या. स्थलांतर थांबलं तेव्हाही घरं महागच होत होती. त्या काळात जिलाँगला माणसं आली ती मेलबर्नमधून, घरून काम करायची सोय झाली म्हणून.

आणखी एक बारकावा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांत सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून सगळं 'रीजनल' धरलं जातं. ४९१ नंबरचा व्हिसा घेऊन आलेल्या माणसाला रीजनल भागातच राहावं आणि कामही तिथंच करावं लागतं, तीन वर्षं काढल्यावर कायमच्या निवासासाठी अर्ज करता येतो. जिलाँग रीजनल आहे, मेलबर्न नाही. म्हणजे या व्हिसावर जिलाँगला राहणारा आयटीवाला किंवा नर्स रोज मेलबर्नला नोकरीला जाऊच शकत नाही. सरकारनेच त्याला मोठ्या शहरापासून लांब पाठवलेलं असतं आणि तिथं बस नाही म्हणून रागही त्याच्यावरच निघतो.

पुढं काय?

जिलाँगच्या उत्तरेला आणि पश्चिमेला आता आणखी मोठे पट्टे विकसित होणार आहेत. तिथं एक लाखाहून जास्त लोक राहतील असा अंदाज आहे. राज्याच्या नव्या आराखड्यात २०५१ पर्यंत एकट्या ग्रेटर जिलाँगसाठी सव्वा लाखाहून जास्त घरांचं लक्ष्य आहे. दुसरीकडं बेलारीन आणि टॉर्की या किनाऱ्याकडच्या भागांत गावांच्या हद्दी पक्क्या करून विस्तार रोखलाय. किनारा वाचेल, पण तिथला दाब या नव्या पट्ट्यांवर येईल.

कौन्सिलचं धोरण आहे की हळूहळू निम्मी वाढ जुन्या शहराच्या आत व्हावी. तिथं रस्ते, स्टेशन, शाळा आधीच आहेत. पण तिथं तीनमजली इमारत आली की शेजारीपाजारी विरोध करतात. शहराबाहेरच्या कुरणावर विरोध करायला कोणी नसतं, म्हणून घरं तिकडं जातात.

तुमच्या ओळखीतलं कोणी तिकडं घर घेत असेल तर त्याला एक गोष्ट नक्की सांगा. बिल्डरच्या माहितीपत्रकात शाळा, स्टेशन, तलाव सगळं रंगीत चित्रात असतं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर 'प्रस्तावित' लिहिलंय की सरकारच्या बजेटमध्ये पैसे मंजूर झालेत, एवढं तपासावं. आर्मस्ट्राँग क्रीकमधली जांभळी पाइपलाइन मंजूर होती, ती पहिल्या दिवसापासून मिळाली. जलद वाहतुकीचा पट्टा प्रस्तावित होता. त्यावर अजून गवत आहे.