पहिला हरातिन मंत्री आणि शिक्षा नसलेला कायदा

‘पहिला’ या शब्दाचं आपल्याला फार अप्रूप. आपल्यातला पहिला सचिव, पहिला न्यायमूर्ती. फोटो छापून येतो, आणि प्रश्न सुटला असं धरून चालतात. म्हणूनच मॉरिटानियाच्या मसूद उल्द बुलखैर यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात हरातिन म्हणजे गुलामांचे वंशज. मालक बिदान. दोघांचा धर्म इस्लाम, भाषा हस्सानिया अरबी. तरी कोण राबणार आणि कोण बसून खाणार हे जन्मावर ठरतं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

1978 मध्ये हरातिनांनी ‘एल होर’ ही संघटना काढली. बुलखैर तिच्या संस्थापकांपैकी एक. 1980 साली अतार इथे एका बाईची विक्री झाली तेव्हा संघटना रस्त्यावर आली, कार्यकर्ते तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी लष्करी सरकारने गुलामगिरी रद्द केली. पण त्या कायद्यात शिक्षाच नव्हती. नुकसानभरपाईची तरतूद मात्र होती, आणि तीही मालकांसाठी!

1984 मध्ये बुलखैर ग्रामविकास मंत्री झाले. पहिले हरातिन मंत्री. तरीही शिक्षेचा कायदा आला नाही. नेमणूक वरून झालेली. ज्याने खुर्ची दिली तो ती काढूनही घेऊ शकतो. पुढे त्यांचा पक्ष गुलामगिरीवर बोलू लागला, तेव्हा 2002 मध्ये त्या पक्षावरच बंदी आली. आरोप काय, तर वंशवाद पसरवता! (जातीचं नाव घेणाराच जातीयवादी, हे आपणही ऐकतोच.)

2007 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते चौथे आले. मतं दहा टक्क्यांच्या आतच. पण दुसऱ्या फेरीत त्याच मतांना किंमत आली. त्यांनी पाठिंबा दिलेला उमेदवार अध्यक्ष झाला, बुलखैर राष्ट्रीय सभेचे सभापती झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुलाम ठेवणं हा पाच ते दहा वर्षं कैदेचा गुन्हा ठरला. आपल्या घटनेच्या कलम 17 नंतर शिक्षेचा कायदा यायला पाच वर्षं लागली, तिथे सव्वीस. मंत्रिपदाने जे झालं नाही ते स्वतःच्या मतांनी झालं, असं मी मानतो.

2008 च्या लष्करी बंडाला त्यांनी विरोध केला. 2011 मध्ये मात्र बहुतेक विरोधक बाहेर राहिले असताना ते त्याच बंडाच्या नेत्याशी चर्चेला बसले. मला ते पटत नाही. तरुण हरातिनांना बिराम दाह आबेद यांची आक्रमक भाषा जवळची का वाटली, हे त्यातून कळतं.

त्याच 2011 च्या नोव्हेंबरात नव्या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली. दोन लहान भावांना गुलाम ठेवणाऱ्याला कायद्याने किमान पाच वर्षं मिळायला हवी होती. न्यायालयाने दोन दिली, आणि काही महिन्यांतच तो जामिनावर बाहेर आला. तेव्हा सभापतींच्या खुर्चीत बुलखैरच होते.