माशी बांधणाऱ्यांचा केर

ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, हा इंग्लंड-अमेरिकेतला जुना नाद. पण त्याचा पसारा त्या माशीच्या मानाने अफाट. 'मडलर मिनो' नावाच्या माशीचंच बघा. हरणाच्या केसांची चिमूट गळावर धरून दोरा आवळला, की ते पोकळ केस चहूबाजूंनी ताठ उभे राहतात. मग कात्रीने छाटत त्यांचं गोल डोकं घडवायचं. छाटलेले केस चहाच्या कपापर्यंत उडतात. म्हणून जाणती मंडळी गळ घट्ट धरणाऱ्या शिकंजाखाली, म्हणजे व्हाइसखालीच, एक पिशवी अडकवून ठेवतात. अर्थात सगळाच केर फेकायचा नसतो. सशाच्या कातड्यावरची मऊ लव आणि लोकरीचे तुकडे एकत्र पिंजले, की दोऱ्यावर वळायला फुकटचं 'डबिंग' तयार! हरणाचे राठ केस मात्र त्यात नकोत, ते नीट वळले जात नाहीत. याउलट, इंग्लंडच्या विल्टशरमधल्या एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर त्याच्या प्रसिद्ध 'फेझंट टेल' माशीसाठी फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावरच भागवत असे, दोरासुद्धा घेत नसे. टेबल स्वच्छ ठेवायचा याहून सोपा उपाय नाही, पण हौशी माणसाला तो पटेल तर ना! उरलेली पिसं उघड्यावर टाकू नका, कसर लागते. नवं कातडं आणलंत तर काही दिवस वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. आणि हातातून निसटलेला गळ तिथल्या तिथे लोहचुंबक फिरवून शोधा. सोळा नंबरचा गळ गालिच्यात डोळ्यांना दिसत नाही, अनवाणी पायाला मात्र हमखास सापडतो.