गणवेश दिला, नागरिकत्व नाकारले

सैनिकाची सेवा घेताना राज्यसंस्था त्याचा वंश विचारत नाही. हक्क देण्याची वेळ आली म्हणजे मात्र तो आवर्जून विचारते. भगतसिंग थिंड यांचे आयुष्य या विसंगतीचा चालताबोलता पुरावा होते.

अमृतसर जिल्ह्यात १८९२ साली जन्मलेले थिंड १९१३ मध्ये अमेरिकेत गेले व ऑरेगन राज्यातील लाकडाच्या गिरण्यांत राबले. जुलै १९१८ मध्ये ते अमेरिकी सैन्यात दाखल झाले. आघाडीवर जाण्यापूर्वीच युद्ध थांबले. डिसेंबरात ते सन्मानपूर्वक सेवामुक्त झाले; वर्तणुकीचा शेराही उत्कृष्ट होता. त्याच महिन्यात त्यांना नागरिकत्व मिळाले आणि अवघ्या चार दिवसांत ते काढून घेण्यात आले. १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले. सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली.

१७९० च्या कायद्यानुसार नागरिकत्व ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’पुरते होते, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशीयांची भर पडली. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला सर्वोच्च न्यायालयाने, तो कॉकेशियन नाही म्हणून, नकार दिला. थिंड यांच्या बाजूने सखाराम गणेश पंडित प्रभृती वकिलांनी हेच सूत्र उचलले: उत्तर भारतीय आर्य कॉकेशियन ठरतात, सबब ते गोरे होत. तेव्हा न्यायालयाने शास्त्र बाजूला सारले व सामान्य माणसाची समजूत हाच निकष मानला. १९ फेब्रुवारी १९२३ चा हा निकाल एकमताचा होता. तीन महिन्यांत कसोटी पालटली. निष्कर्ष तेवढा कायम राहिला.

थिंड यांची बाजूही निर्दोष नव्हती. त्यांनी वांशिक कुंपणालाच आव्हान दिले नाही. उच्च जातीचा दाखला देऊन त्या कुंपणाच्या आत जागा मागितली. विषमतेच्या तत्त्वावर उभारलेली मागणी त्याच तत्त्वाने कोसळावी, यात काव्यगत न्याय असेल. पण म्हणून न्यायालयाचा अन्याय सौम्य होत नाही.

या निकालाला आर्थिक धार होती. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमिनीची मालकी वर्ज्य होती. भारतीय शेतमजूर हवा होता. भारतीय जमीनमालक नको होता. निकालानंतर अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्यात आले. मालमत्ता व नागरिकत्व गमावलेले व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. स्वतः पंडित यांनी मात्र आपले नागरिकत्व न्यायालयात लढून राखले.

१९३५ मध्ये काँग्रेसने महायुद्धातील माजी सैनिकांना वंशनिरपेक्ष नागरिकत्वाचा मार्ग खुला केला आणि १९३६ मध्ये थिंड तिसऱ्यांदा, आता कायमचे, अमेरिकी नागरिक झाले. इतर भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावे लागले. तेव्हाही नव्या स्थलांतरितांसाठी वार्षिक मर्यादा होती १०० ची. १९६७ मध्ये थिंड निवर्तले.

त्यांना अखेरीस न्याय मिळाला, असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. वस्तुतः मिळाले ते बक्षीस होते. गणवेश चढविला म्हणून ज्याला हक्क मिळतो, त्याच्या शेजारी राबणाऱ्या मजुराला तो का नाकारावा, याचे उत्तर १९३५ च्या कायद्याने दिले नाही. परक्यांच्या श्रमावर समृद्ध होणाऱ्या प्रत्येक देशाला, आणि देशांतर्गत परप्रांतीयांच्या श्रमावर वाढणाऱ्या प्रत्येक शहरालाही, हा प्रश्न आज टाळता येणार नाही. नागरिकत्व हे शौर्यपदक नव्हे. ज्या समाजात माणूस राबतो, त्या समाजातील त्याचा तो न्याय्य वाटा आहे.