धाकट्या बॅटरीचा संसार

हल्ली पिकअप गाडीत गादी, पंखा आणि फ्रिज घालून लोहगडवाडीला मुक्कामाला जाणाऱ्यांचा एक पंथ निघाला आहे. जावं की! माझी तक्रार मुक्कामाबद्दल नाही. गाडीच्या एकुलत्या एका बॅटरीवर अख्खा संसार रेटण्याबद्दल आहे.

अहो, ती बिचारी इंजिन सुरू करण्यापुरती! दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअरचा जोर लावायचा आणि गप्प बसायचं. शंभर मीटर पळणाऱ्या पोरीला तुम्ही पंढरीच्या वारीला जुंपता आणि सकाळी ती बसली की वाडीत हाका मारत सुटता, "जरा धक्का द्या हो!" भातलावणीला निघालेला माणूस म्हणजे तुमचा स्टार्टर नव्हे.

फ्रिज हवाच ना? मग रात्रभर सावकाश चालणारी दुसरी बॅटरी बसवा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास म्हणजे १२०० वॅट-तास. शिशाची असेल तर निम्मेच वापरा. ५० वॅट सतत खाणारा फ्रिज १२ तास चालेल. दोघींमध्ये आयसोलेटर घाला, म्हणजे धाकटी थोरलीचं स्त्रीधन उडवणार नाही. आणि जोडवायरला दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवाच.

पण उरल्या विजेवर लाउडस्पीकर लावलात तर मात्र भांडण आहे! २०२५ साली लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो तुमची गाणी ऐकून नव्हे. वाडीला पहाटे उठायचं असतं. बॅटऱ्या दोन ठेवा, चार ठेवा. बटण तेवढं वेळेवर बंद करा. चांदण्याला वायरिंग लागत नाही.