न पडणारा अडथळा

अविनाश साबळेविषयी लिहू लागले की ‘गरिबीवर मात’ हे शब्द आमच्याही लेखणीवर आपसूक येतात. आष्टी तालुक्यातील मांडवा, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, शाळेसाठी रोजची लांबलचक पायपीट. सेलूत मराठी शिकवणाऱ्या आम्हांस हा तपशील परका नाही. तसली मुले आमच्या वर्गातही बसतात. म्हणूनच या शब्दांविषयी आम्हांला शंका येते.

तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. साध्या अडथळा शर्यतीतला अडथळा पाय लागताच पडतो. येथला जागचा हलत नाही. लष्करात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर २०१७ साली साबळे या प्रकाराकडे वळला. २०१८मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्णच.

हे सारे प्रशिक्षण, सकस आहार आणि नियमित सराव लाभल्यानंतरचे आहे. दारिद्र्याने विजेता घडवला, असे म्हणणे म्हणजे दारिद्र्याला नाहक श्रेय देणे होय. त्याने फक्त उशीर केला.

भरतीसाठी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलांना आम्ही साबळेचे उदाहरण देतो. ते देण्याचा अधिकार हवा असेल, तर त्यांच्यासाठी आखलेले मैदान आणि जाणता प्रशिक्षक मागण्याचे कर्तव्यही आमचेच आहे.