आकाशातली प्रदक्षिणा

मनुष्य प्रवास कां करतो, या प्रश्नाची नाना उत्तरे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोणी पोटासाठी जातो, कोणी देवासाठी, कोणी लग्नाच्या पंगतीसाठी, तर कोणी घरी पाहुणे येणार म्हणून. पण जायचे कोठेच नाही, भेटायचे कोणासच नाही, पाहायचे काहीच नाही. आणि तरीही पदरचे पैसे मोडून पहाटे चारला उठायचे, विमानात बसायचे, आणि रात्री होतो त्याच ठिकाणी परत यायचे, असा प्रवास करणारा पुरुष आमच्या कुळात निपजेल असे कोणी सांगितले असते, तर आम्ही त्यास वेड्यांत काढले असते. तो निपजला. तो आमचा सख्खा भाचा.

भाचा मुंबईस मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याची आई, म्हणजे आमची थोरली आक्का, रोह्यास जुन्या घरात एकटी राहते. आम्ही पेणला. भाचा दरवर्षी गणपतीची मूर्ती न्यायला मोटारीने पेणला येतो, कारण पेणच्या कारखान्यातल्या मूर्तीशिवाय त्याच्या मनास समाधान नाही. पोहे खातो, पापडांची पुडकी घेतो, आणि रोह्यास न जाता तसाच मुंबईस परततो. “मामा, वेळच नाही हो,” असे म्हणतो. दोन वर्षांपूर्वी असाच आला असता त्याने पोह्यांच्या बशीशेजारी एक सोनेरी कार्ड ठेवले आणि खिन्नपणे म्हणाला, “मामा, हे आता जाणार.”

आम्हांस वाटले, बँकेचे काही लफडे झाले. म्हणालो, “हप्ते थकले काय रे?”

“हप्ते नाहीत, फेऱ्या थकल्या. ऑक्टोबरअखेर अजून चार फेऱ्या झाल्या नाहीत, तर मी सोन्यावरून रुप्यावर येतो.”

मग त्याने आम्हांस ही विद्या समजावून दिली. वाचकांपैकी पुष्कळांची मुले-जावई या विद्येत पारंगत असतील, परंतु सासऱ्यास ती कोणी नीट सांगत नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. विमान कंपनी आपल्या नावाचे एक खाते उघडते. प्रत्येक प्रवासागणिक त्यात पॉइंट जमा होतात. ते खर्चून फुकट तिकीट मिळते, ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. वर्षभरात ठरावीक संख्येने पॉइंट किंवा फेऱ्या झाल्या, की आपण रुपेरी होतो. आणखी झाल्या की सोनेरी, आणि त्याहीवर प्लॅटिनम. सोनेरी माणसास रांग वेगळी, सामान चार किलो जास्त, लाउंज नावाच्या थंडगार दिवाणखान्यात इडली फुकट. आणि साध्या वर्गाचे तिकीट असूनही एखादे वेळी वरच्या वर्गाची रुंद खुर्ची. या शेवटच्या भाग्योदयास अपग्रेड म्हणतात. मात्र वर्ष संपले, की मोजणी पुन्हा शून्यापासून! म्हणून वर्षअखेरीस ज्यांचे गणित थोडक्यात चुकते, ते केवळ आकडा भरून काढण्यासाठी उडतात. इंग्रजीत यास ‘माइलेज रन’ असे नाव आहे.

ही युक्ती निघाली अमेरिकेत. तेथील सरकारने १९७८ साली विमानांच्या भाड्यांवरचे आणि मार्गांवरचे नियंत्रण उठवले. कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइके पळवू लागल्या. तेव्हा १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही दोरी वळली, आणि बघता बघता जगातल्या बहुतेक कंपन्यांनी तिची नक्कल केली. आपल्याकडे एअर इंडिया आणि जेट एअरवेज यांनी अशी खाती उघडली. आणि ज्या इंडिगोने पुष्कळ वर्षे या भानगडीत पडण्याचे टाळले, तिनेही २०२४ साली आपली खातेवही काढली. यांतील व्यापार साधा आहे. विमानातील रिकामी खुर्ची ही नासक्या दुधासारखी. विमान सुटले की तिची किंमत शून्य. तीच खुर्ची एखाद्या सोनेरी गृहस्थास दिली, तर कंपनीचे जाते फार थोडे, आणि तो बापडा जन्माचा मिंधा होतो. ही मिंधेपणाची वही किती मोलाची असते, म्हणाल तर २०२० साली करोनाच्या साथीत विमाने जमिनीवर बसली, तेव्हा अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने हीच वही तारण ठेवून अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभारले!

या विद्येचे महामुनीही अमेरिकेतच झाले. कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स नावाच्या एका इंजिनियराने १९९९ साली पाहिले, की अमुक कंपनीच्या खाद्यपदार्थांची वेष्टने पाठवली तर विमानाचे मैल मिळतात, आणि त्यांत सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे पुडिंगचे पेले. त्याने सुमारे ३,१४० डॉलरांना १२,१५० पेले विकत घेतले. एवढी खीर खाणार कोण? त्याने ती एका धर्मादाय संस्थेस दान केली आणि तेथल्या स्वयंसेवकांकडून वेष्टने सोलून घेतली. मैल मिळाले साडेबारा लाख. दानाचे पुण्य मिळाले ते निराळेच!

पुण्य हा शब्द आम्ही सहज लिहिला खरा, पण या विद्येचे मूळ अमेरिकेत नसून आपल्याच माजघरात आहे, असा आमचा संशय आहे. आमच्या आजीने रामनाम लिहिण्याच्या वह्या भरल्या. लक्ष वाती वळल्या. चातुर्मासात पिंपळास प्रदक्षिणा घालताना ती बदाम मोजून ठेवीत असे. तिचाही प्रवास कोठे जाण्यासाठी नव्हता, संख्येसाठी होता. आणि पुण्य संपले की स्वर्गातून पुन्हा मृत्युलोकी उतरावे लागते, हे तिने आम्हांस भाच्याच्या कार्डाआधी पन्नास वर्षे सांगून ठेवले होते. फरक इतकाच, की तिच्या चित्रगुप्ताने मधेच नियम बदलले नाहीत. विमानांच्या चित्रगुप्ताने बदलले. डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी २०१५ पासून किती मैल उडलात हे विचारण्याचे सोडून किती पैसे दिलेत हे विचारण्यास आरंभ केला; एअर इंडियाही २०२४ साली त्याच वाटेने गेली. आणि कधी कधी तर स्वर्गच उठून जातो. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून निघाले आणि मुंबईस उतरले. त्यानंतर सोनेरी काय आणि प्लॅटिनम काय, त्या कार्डवाल्यांस मान द्यायला विमानच राहिले नाही.

हे सर्व आम्ही भाच्यास ऐकवले. तो हसला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या एस.टी.च्या पासाची गोष्ट सांगू का?”

आम्ही गप्प झालो. कारण ती गोष्ट खरी आहे. राज्य परिवहन महामंडळाने १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा पास काढला. एकदा पैसे भरा आणि ठरावीक दिवस महाराष्ट्रात वाटेल तेथे फिरा. आम्ही तो मोठ्या हौसेने काढला. पहिले दोन दिवस देवदर्शन केले. तिसऱ्या दिवशी खर्ची पडलेल्या भाड्याची बेरीज मांडली. आणि त्या क्षणी आमचा प्रवास संपून वसुली सुरू झाली. जवळची गावे आम्हांस तुच्छ वाटू लागली, लांबची गावे पूज्य. रात्री गाडीतच झोपलो, म्हणजे भाडेही वसूल आणि लॉजही वाचले. शेवटच्या दिवशी दुपारी पेणला घरी पोहोचलो, तर पासाची मुदत अजून शिल्लक! चहा घेतला आणि लगेच अलिबागेस जाऊन आलो. तेथे काय पाहिले म्हणाल, तर स्टँडवर उभे राहून शेंगा खाल्ल्या आणि परतीची गाडी धरली. समुद्र दहा मिनिटांवर होता. अशा माणसाने भाच्यास उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

आता मुद्द्याची गोष्ट. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पालखी निघते. निघताना पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, आणि मग देव गावात फिरायला बाहेर पडतो. त्या दिवशी रोहेकर जगात कोठेही असो, त्याचे मन रोह्यास असते. त्या वर्षी दसरा शनिवारी आला आणि पालखी रविवारी. म्हणजे चाकरमान्यांस सोन्याहून पिवळे. आक्काने पंधरा दिवस आधी भाच्यास फोन केला. आम्हांसही केला. भाचा म्हणाला, बघतो. आम्हीही म्हणालो, बघतो.

रविवारी रात्री नऊला आक्काचा आम्हांस फोन आला.

“पालखी येऊन गेली रे. मी दारात रांगोळी काढून उभी होते. शेजारच्या सूनबाईनं आरतीचं ताट धरलं.”

“आणि चिरंजीव?”

“तो दिल्लीला गेलाय म्हणे. सकाळी गेला, दुपारी परत आला, आणि आता गोव्याला जाऊन रात्री परत येणार आहे. मी विचारलं, दिल्लीला कुणाकडे गेला होतास? तर म्हणाला, कुणाकडेच नाही. काय पाहिलंस? तर म्हणाला, विमानतळ.” मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “काल त्याच्यासाठी दसऱ्याचं सोनं ठेवलं होतं. वाळलं आता.”

ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते. तिने फक्त विचारले, “गोव्याचं विमान इथल्या आभाळावरनं जातं का रे?” आम्ही म्हणालो, जात असेल. “मग आला होता म्हणायचा,” आक्का म्हणाली.

भाच्यास शिव्या देण्यासाठी आम्ही फोन उचलला आणि खाली ठेवला. मुंबईहून रोहे शंभर-सव्वाशे किलोमीटर तरी आहे. पेणहून रोहे म्हणजे कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. आगगाडीने तासाभराचा रस्ता. आम्हांस आक्काकडे जाऊन तीन वर्षे झाली होती. आम्हांस तर कार्डाचीही सबब नव्हती.

त्या आठवड्यात भाच्यास एकच विचारले, “झाले काय सोने कायम?” तो म्हणाला, झाले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी तोच म्हणाला, “मामा, परतीच्या विमानात अपग्रेड मिळालं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं होतं, फार बरं वाटेल.”

पुढल्या दसऱ्यानंतर, पालखीच्या दिवशी सकाळी, आम्ही पेण स्टेशनावर रोह्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. भाचा पनवेलपासून त्याच गाडीत येत होता. म्हणजे दारात उभा राहून येत होता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोळीणबाईने आपली टोपली मांडीवर घेतली आणि आम्हांस म्हणाली, “बसा आजोबा.” मग भाच्याकडे बघून थोडी आणखी सरकली. “मामा, अपग्रेड!” भाचा आमच्या कानात म्हणाला. पेण ते रोहे इतका हसलेला तो आम्ही लहानपणानंतर पाहिला नव्हता.

आक्का दारात उभी होती. तिने आपट्याचे पान भाच्याच्या हातात ठेवले आणि म्हणाली, “कालचं आहे. घे, आणि मला दे.” कारण सोने धाकट्याने थोरल्यास द्यायचे असते. त्याने ते तिला देऊन नमस्कार केला. मग पालखी आली, दोन मिनिटे दारात टेकली, ताट ओवाळून झाले, आणि ढोलताशांचा गजर पुढच्या घराकडे गेला.

जेवताना भाच्याने आपले सोनेरी कार्ड आईस दाखवले आणि ती प्रदक्षिणेची सगळी हकीकत सांगितली. त्यास वाटले, ती हसेल. ती म्हणाली, “त्यात वेडेपणा काय? आपला देवही देवळातनं निघतो आणि फिरून देवळातच परत येतो. त्यालाही कुठं जायचं नसतं. पण तो वाटेत दारोदार थांबतो, एवढंच.”

भाच्याने कार्ड सोडलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मान कोणास नको असतो? २५ डिसेंबर २०२५ पासून तर नव्या मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. ते विमानतळ आम्हां पेणकरांच्या उशालाच. तेव्हा या व्रताची लागण आमच्या आळीतही होणार, हे उघड आहे. पण भाच्याच्या पाकिटात त्या कार्डाशेजारच्या कप्प्यात एक वाळके आपट्याचे पान आहे. ते मागच्या दसऱ्याचे. वर्षअखेर त्याचीही मुदत संपते आणि ते नवे करून आणावे लागते. त्यासाठी लागणारी फेरी मात्र एकच आहे, आणि ती रोह्याची.

वाचकहो, दिवाळी दारात आहे. आपलेही एखादे रोहे असेलच. हिशेब पाहून ठेवा.