विश्लेषण : रेड अलर्टच्या दिवशी ‘चला लोणावळ्याला’ कशाला?

१५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. डेस्कवर त्या बातमीचे अपडेट्स टाकत असतानाच मला एका बुकिंग कंपनीचा मेल आला : ‘पाऊस आला, लोणावळ्याला चला!’ खाली व्हिलावर सवलत आणि उलटं मोजणारं घड्याळ.

पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. असे मेल आधीच शेड्युल केलेले असतात, त्या क्षणी पाठवणारं कुणी नसतंच. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तोही रविवारच. त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. म्हणजे एकीकडे पोलीस गाड्या परत पाठवणार आणि दुसरीकडे मोबाइल ‘शेवटच्या दोन खोल्या’ म्हणून बोलावणार.

एसएमएस आणि कॉलसाठी तरी नियम आहे. ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमावलीनुसार ग्राहकाला १९०९ वर जाहिराती बंद करता येतात, कोणत्या वेळी, कोणत्या वारी, सार्वजनिक सुट्टीला नकोत, हेही ठरवता येतं. ईमेल मात्र त्यात येत नाही. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५ हजारांहून अधिक मेल धाडणाऱ्यांना एका क्लिकमध्ये ‘अनसबस्क्राइब’ची सोय सक्तीची केली, पण ते कायमचं बंद करणं झालं. आपल्याला हवा आहे तात्पुरता विराम.

तो अवघड नाही. ब्रिटनमधल्या ‘ब्लूम अँड वाइल्ड’ या फुलं विकणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये ग्राहकांना ‘मदर्स डे’चे मेल नको म्हणण्याची सोय दिली. इथे तर आणखी सोपं : हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल किंवा जोडून सुट्टी असेल, तर लोणावळ्याची कॅम्पेन थांबवायची. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही हे लिहून देईल (मीही दिलं असतं, केटी लागली नसती तर).

लोणावळ्याचा धंदा पावसावर चालतो, हे खरंच. चिक्कीवाल्यापासून बंगला भाड्याने देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची वर्षाची कमाई याच दिवसांत होते. पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग मेल न पाठवताही लागतेच. खोल्या रिकाम्या राहतात त्या मंगळवारी-बुधवारी. सवलतीचा मेल तेव्हाचा पाठवा की!